कुलूप माझ्याच हाती

१८ एप्रिल २००७
प्रगतिपुस्तकांचं सॉफ्टवेअर पुन्हा बिघडलं. सर्व्हरवर सगळ्यांचा कोड एकत्र. करुणा, रत्नपाल आणि मी, तिघंही त्यात हात घालतो. शिस्त कशी ती नाही. मी फक्त शाळेच्या नावाचा फॉण्ट सुधारला होता, तेवढ्यानं काही बिघडत नसतं. एक मेला झेंडावंदनानंतर नऊ शाळांत निकाल वाटायचे आहेत. चुकलं तर हिंगोलीचं ऑफिस बंद, असं मालक भिवाजीराव म्हणाले. प्रोजेक्ट लीडर मी. वाचवायचंही मलाच.

१९ एप्रिल
ठरलं. कोडला लॉक. बघायचं सगळ्यांनी, बदल मात्र फक्त मी, संतराम, करणार. बाकीच्यांनी रजिस्टरमध्ये अर्ज लिहायचा, कारणासह. लॉक कसं लावतात ते करुणानं करून दिलं. कल्पना माझी.

२१ एप्रिल, सकाळी ११
अर्ज सहा. सगळे नामंजूर. लाल शाईत शेरा: अक्षर वाईट. रत्नपाल म्हणे, एका ओळीसाठी अर्ज काहून, साहेब? मी म्हणालो, आज एक ओळ, उद्या दहा.
वेळ होता म्हणून निकालाच्या कार्डाच्या तळाशी छोटीशी ओळ टाकली: ‘मार्गदर्शक: संतराम’. मला अर्जाची गरज नाही.

२४ एप्रिल
लॉक असून बिघडलं! छापून पाहिलं तर पास-नापासची ओळच गायब. पासवर्ड फुटला. संशय रत्नपालवर. पासवर्ड बदलला, ओळ स्वतः परत बसवली. रत्नपालचा नवा अर्ज: तळाचं नाव काढावं. नामंजूर. शेरा: हेवा.

२७ एप्रिल
दुपारभर लाइट नव्हती. करुणा म्हणे, कोणी कधी बदल केला त्याची यादी सर्व्हरवर असते, बघा एकदा. चोर काय सही करून जातो? भोळी पोरगी. लाइट आल्यावर पासवर्ड पुन्हा बदलला. नाव बारीक वाटत होतं, जाताजाता मोठं केलं. कार्डं छापून शाळांना पाठवली. सुटलो.

३० एप्रिल
सेनगावहून मुख्याध्यापिका पद्माबाईंचा फोन. नेमका भिवाजीरावांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. बाई म्हणत होत्या, लेकरं पास हायेत का नापास, काहीच कळून न्हाई राहिलं. ह्यो संतराम कोण, त्यो मात्र ठळक दिसून राहिला. करुणा म्हणे, मोठ्या केलेल्या माझ्या नावानं पास-नापासची ओळ कागदाबाहेर ढकलली.
भिवाजीरावांनी यादी काढायला लावली. बिघडवणारे बदल तीन. तिन्ही संतराम. अठरा तारखेचासुद्धा. फार लाज वाटली. यादीतही चूक असू शकते.
करुणानं दहा मिनिटांत दुरुस्त केलं. संध्याकाळपर्यंत कार्डं परत छापली.

१ मे
नऊही शाळांत निकाल वेळेवर. ऑफिस वाचलं. लॉकची माझी कल्पना भिवाजीरावांना इतकी पटली की त्यांनी ती कायम ठेवली. आता करुणा आणि रत्नपाल बदल करतात. मी रजिस्टरमध्ये लिहायचं.
पहिला अर्ज दिला: नाव परत टाकावं, बारीक चालेल.
दुपारी रजिस्टर परत आलं. करुणाचा शेरा, लाल शाईत: अक्षर वाईट.