पानाचा कोपरा

४ मार्च
पोचलो एकदाचा! मावशीने फोनवर पुन्हापुन्हा बजावलं, आता तरी बूड टेकव रे भिरभिऱ्या. तिचंही खरंच आहे. मी बोटीवर भांडी घासली, सर्कशीचे तंबू ठोकले, कुठे म्हणून टिकलो नाही. पण ही जागा आवडली. उंच खिडक्या, खालून उजेड येणारं काचेचं टेबल, आणि जिना असा करकरतो की जुन्या बोटीचीच आठवण व्हावी. (ती बोट बुडाली म्हणे. असो.)

काम ज्यू लोकांच्या फार जुन्या हस्तलिखितांचं. नखाएवढे, तळहाताएवढे तुकडे. सगळे चर्मपत्राचे, म्हणजे जनावराच्या कातड्याचे. मी चिमट्याने उचलून टेबलावर ठेवायचे आणि फोटो काढायचे, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशातसुद्धा. त्यात पुसलेली शाई वर येते. मग कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम कडा, अक्षरांची वळणं, कातड्यावरची केसांची बारीक भोकं ताडून सांगतो, कोण कोणाचा शेजारी. आमच्या प्रमुख बाई मावशीच्या वर्गमैत्रीण. एक फाटकं पान पुरं करण्यात त्यांचे केस पिकले. पापांची कबुली द्यायची प्रार्थना आहे त्यावर. सगळ्यांनी मिळून म्हणायची.

७ मार्च
तुकडे ज्या प्रार्थनास्थळातून आले तिथले आजोबा येऊन गेले. देवाचं नाव असलेलं लिखाण ते लोक टाकत नाहीत. फाटलं, विटलं तरी एका खोलीत जपतात आणि पुढे माणसाला पुरावं तसं मानाने पुरतात. आमचे फोटो झाले की हेही पुरणार. मी विचारलं, एखादा हरवला तर? आजोबा हसले. म्हणाले, हरवतं बाबा, माणसंही हरवतात, फक्त तसं सांगायचं, मग आम्ही त्याच्या नावाने जागा मोकळी ठेवतो. जाताना माझ्या गालाला हात लावून गेले. मला उगाच भरून आलं.

१२ मार्च
लिहायची लाज वाटते.

बाईंनी पाकिटातून एक तुकडा दाखवला. बहुतेक हाच माझ्या पानाचा कोपरा, म्हणाल्या आणि फोटोसाठी माझ्याकडे देऊन गेल्या. चिमट्यात तो होता आणि समोरच्या इमारतीवर काचा पुसणारा माणूस दोरीवर झोके घेत गात होता. मी बघत राहिलो. चिमटा कधी दाबला गेला कळलंच नाही. खाली पाहिलं तर नुसता भुगा.

सांगायला हवं होतं. मी काय केलं? भुगा तळहाताने गोळा करून केराच्या डब्यात टाकला. देवाचं नाव असेल त्यावर. जेवायच्या सुट्टीनंतर पळत खाली गेलो तोवर केराची गाडी गेली होती.

१३ मार्च
बाई फोटो मागतायत. मी बनवला. बाकीच्या फोटोंतली अक्षरं कापून कशीही चिकटवली, मला वाचता थोडंच येतं! पण कातडं? दुसऱ्या तुकड्याचं उचललं तर भोकं जुळून प्रोग्राम चोरी पकडणार. कोणाचंच नसलेलं कातडं हवं होतं. शेवटी बाही सारून डावा हात टेबलावर ठेवला आणि मनगटाच्या वरचा फोटो काढला. रंग जरा पिवळा केला. छान जमला. छान! काय लिहितोय मी.

१६ मार्च
प्रोग्रामने जोड लावला. माझा खोटा तुकडा बाईंच्या पानाला चपखल बसला. बाईंनी ओळ सलग वाचली. मी कशीही चिकटवलेली अक्षरं, तरी सलग. ‘जे आम्ही लपवलं त्याबद्दल’ असं आहे म्हणे तिथे. बाई रडल्या. त्यांनी मावशीला फोन लावला, तुझ्या भाच्याचा हात सोन्याचा आहे म्हणाल्या. तिकडे मावशीही रडायला लागली. मी चहा आणायच्या निमित्ताने सटकलो आणि जिन्यात बसून राहिलो.

१९ मार्च
हात खाजतोय. फोटो काढला होता तेवढाच चौकोन टणक झालाय. केस गळले. चिमटा घेतला तर दुखत नाही.

माझ्या खोट्या तुकड्याला प्रोग्रामने आणखी एक जोड काढला. तुकडा पेटीतला, खरा, मी यायच्या कितीतरी आधीचा. एकाच जनावराचं कातडं, बाई खुशीत म्हणाल्या. त्या तुकड्यावर चंद्रकोरीसारखा एक व्रण आहे. तसा व्रण माझ्या कोपरावर आहे. लहानपणी सायकलवरून पडलो होतो.

२० मार्च
कोपर दुमडत नाही. सांगेन. उद्या सांगेन.

२२ मार्च
आणखी जोड. खांदा. मानेवरचा तीळसुद्धा —

बाईंच्या दारापर्यंत गेलो. त्यांनी आतून हाक मारली, ये रे, बघ तुझी करामत. मी आत गेलो, पाहिलं, छान आहे म्हणालो. छान आहे म्हणालो! जीभ झडली का नाही माझी.

२३ मार्च
बाहीच्या आत अक्षरं उमटलीत. तपकिरी. मला वाचता येत नाहीत. बाईंना येतील. त्यांना दाखवायचं म्हणजे —

मावशीचा फोन. उचलला नाही.

२४ मार्च
आजोबा पेट्या न्यायला आलेत. पुरायचं आहे आज. उजेड आहे, सगळे हसतायत. माझी जीभ टाळूला चिकटलीय, कातड्यासारखी. बोलायला गेलो तर नुसती करकर.

आजोबांनी विचारलं, सगळे आले ना? नसला एखादा तरी चालेल बाबा, सांग. बाई माझ्या वतीने म्हणाल्या, एकूण एक आहे, याने जिवापाड जपलंय.

नाही. लिहून दाखवतो. वही त्यांच्यासमोर धरतो. उजवी बोटंही आता वळत — लवकर —

आजोबा, एक तुकडा मी