चार नंबरचा खिळा

३ मार्च
आलो एकदाचा जहाजावर! चीफ ऑफिसर म्हणून ही माझी शेवटची फेरी. कॅप्टनसाहेबांनी शिफारसपत्र दिलं की पुढच्या जहाजाचा कॅप्टन मीच. बायकोने तर आतापासूनच फोन उचलून 'कप्तानीणबाई बोलतेय' सुरू केलंय. साहेब पूर्वी याच जहाजावर चीफ होते, याच केबिनमध्ये राहायचे. केबिन झकास आहे. दोन खिडक्या, लिहायला टेबल. माणसं मात्र तुसडी. जेवायला बसलो तर शेजारचे दोघे ताटं उचलून चालते झाले.

५ मार्च
आज बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, पाण्याच्या टाक्यांचा फळा दाखवला. टाकीत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला तिच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. खिळा रिकामा दिसल्याशिवाय झाकण लावायचं नाही. चार नंबरला एक काळा पडलेला बिल्ला लटकतोय, कुणा फिटरचा. काढून टाका म्हणालो. दोनदा समुद्रात फेकलाय, असं म्हणून बोसन पाठ फिरवून गेला. थट्टा करत असावा मेला.

८ मार्च
चार नंबरची तपासणी आली. साहेब म्हणाले, उघडायची गरज नाही, सही ठोका. आधीच्या जहाजांवर मीही तेच करायचो. 'आत उतरून पाहिलं, ठीक आहे' असं लिहिलं आणि सही केली. लाज वाटली. पण पत्र हवंय.

९ मार्च
भर दुपारी डेकखालून ठोके. तीन, मग थांबून तीन. आचाऱ्यानेही ऐकले. त्याने रेडिओ मोठा केला.

१० मार्च
बोसनला धरलं. आधी त्याने शिव्या घातल्या, मग बोलला. अकरा वर्षांपूर्वी फिटर आत असतानाच झाकण लागलं. निघायची घाई होती. चीफने, म्हणजे आताच्या साहेबांनी, फळा न बघताच 'सगळे बाहेर' लिहिलं. ठोके ऐकू आले तेव्हा जहाज सुटलं होतं. उघडलं असतं तर चीफचं कॅप्टन होणं संपलं असतं. फिटर समुद्रात पडला, असं घरी कळवलं. झाकणाचे नट बोसननेच आवळले होते.

११ मार्च
ठोके थांबत नाहीत. साहेबांना म्हणालो, उघडू या. ते म्हणाले, तुमचं पत्र टाइप झालंय, फक्त सही राहिलीय.
मी केबिनमध्ये परत आलो. मीसुद्धा—

१२ मार्च, सकाळ
खड्ड्यात गेलं ते पत्र. बोसनला घेऊन झाकण उघडलं, बिल्ला अडकवला, ही वही आणि बॅटरी घेऊन उतरलो. गंज, चिखल. हाडसुद्धा नाही—

वर साहेबांचा आवाज. माझा बिल्ला काढायला सांगताहेत. बोसन नाही म्हणतोय— आता गप्प झाला. उजेड गेला.

ओरडलो. नट आवळताहेत. मला इथे कोण शोधणार? कागदावर चार नंबर तपासून झालीय, माझ्याच सहीने—

श्वास जड. बायकोला कळवतील, पडला म्हणून—

शिडीवर चढून बॅटरीने झाकण ठोकतोय. तीन. थांबून तीन—

खालून उत्तर आलं. तीन.

कुणीतरी शिडी चढतंय. सावकाश. माझ्या पायरीवर आलं. जरा सरका साहेब, म्हणतंय, आता दोघं मिळून—