तुझं हूं

अगं, तुला पत्र लिहायला बसले की आधी तुझंच बोलणं ऐकू येतं. "बाई, साळंत लिवून लिवून भागलं नाय का?" नाही भागलं. जन्मभर मुलांकडून दुसऱ्यांचे श्लोक लिहून घेतले. आता चार ओळी माझ्या.

हे गेले ते मोटरसायकलवरून सातपूरला कामावर जाताना. सांत्वनाला आलेला प्रत्येक जण एखादा श्लोक घेऊन आला आणि मी संस्कृतची बाई असल्यामुळे त्याच्या चुका दुरुस्त करून त्याला परत पाठवला. रडायचं राहूनच गेलं. तू माझ्या विद्यार्थिनीची आई, मखमलाबादकडची झेंडूवाली. तू आलीस ती दारातूनच म्हणालीस, "उद्या बाजार हाय, हात कमी पडत्यात. चला." दुःखातल्या बाईला असं कामाला लावतात का? पण मी चप्पल घातली.

तुझ्या ओट्यावर फुलांचा ढीग आणि भोवती माळा ओवणाऱ्या बायका. कुणाचं मूल गेलेलं, कुणाचा नवरा कारखाना बंद पडल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसलेला. ओवता ओवता एकेकीनं गोष्ट सांगायची. सुरुवात 'आटपाट नगर होतं' अशीच, म्हणजे रडणारी बाई कुठल्यातरी लांबच्या नगरातली. मध्ये कुणी शहाणपण सांगायचं नाही. हूं म्हणायचं काम फक्त तुझं. मी त्या हूंचं मनातल्या मनात वर्गीकरणही केलं होतं: 'पुढं बोल'वालं, 'मेल्याला बघून घेते'वालं, आणि डुलकी लागल्यावर निघणारं. खरं सांगू, हे तिसरंच सगळ्यांत समजूतदार वाटायचं.

मी कितीतरी दुपारी नुसतीच ओवत राहिले. माझ्या माळा वाकड्या व्हायच्या, त्या तू टोपलीत तळाला घालायचीस. "देवाला चालतंय बाई, गिऱ्हाइकाला नाय." मग एकदा तोंड उघडलं. आटपाट नगर होतं, तिथला एक माणूस कामाला निघाला आणि फाटकातून परत आला. "हूं," तू म्हणालीस. पुढचं काही येईना. पुढच्या खेपेलाही गोष्ट फाटकाशीच अडली. शेजारची म्हणाली, "मंग काय झालं?" तू तिच्याकडे डोळे वटारलेस. "तुला कुठं जायचंय का गं?" आणि मी अवाक्षर बोलले नव्हते तरी, माझ्याकडे न बघता, पुन्हा म्हणालीस, "हूं." बोलण्याला हूं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या गप्प बसण्याला तेवढं तूच म्हणालीस.

दसऱ्याचा आदला दिवस. ढीग कमरेइतका, बोटं पिवळी. मी सांगते आहे: त्याचा चष्मा फ्रिजवर राहिला होता, म्हणून तो परत आला. चष्मा लावून बायकोकडे बघत म्हणाला, "आता दिसलीस. मघापासून नुसता आवाज येत होता." बायको खळखळून हसली. मग तो गेला. एवढंच होतं, आणि एवढंच मला कुणाला सांगता येत नव्हतं, की त्या सकाळी आमच्या घरात हसू होतं. भेटायला आलेल्यांसमोर ते कुठं ठेवणार? तू सुई खाली ठेवलीस. मी तुला सुई खाली ठेवताना प्रथमच पाहत होते. "हूं," म्हणालीस. मग एरवीचं अहोजाहो सोडून, "हसली व्हतीस ना? मंग आता रड." मी रडले. माळा ओल्या झाल्या. त्याही तू बाजारात विकल्यास, ताज्या म्हणून.

तुला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेतावर इमारत उभी आहे. तुझी लेक तिथल्याच गच्चीवर बायकांना ओवायला बसवते, आणि हूं म्हणायला मला. मला दुरुस्त्या करायची खोड, त्यामुळे जीभ दाताखाली धरून म्हणावं लागतं, पण जमतंय. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मानायला गेले असते तर तू तुझा तो पाणचट चहा पुढे केला असतास, आणि मग आभार मागे घ्यावे लागले असते.

हे पत्र कुठल्याच पेटीत टाकायचं नाही. फक्त एक सांगून टाकते. दर परिच्छेद संपला की पेन उचलून मी जराशी थांबत होते. आत्ताही थांबले आहे.