झाकणाच्या कोऱ्या कडा

नुहाद,

मी बाहेर चाललोय. आज तरी तू सासरहून येशील असं धरून चाललोय. तोवर शेजारच्या उम्म सलीम आईजवळ बसतील. ऑक्सिजनचं यंत्र चालू असताना इस्त्री लावू नकोस. जनरेटरवाला देतो त्या पाच अँपिअर विजेत दोन्ही चालत नाहीत. माझा रंगफवाऱ्याचा पंप त्यामुळेच माळ्यावर गेला.

टेबलावरच्या रणगाड्याच्या छोट्या मॉडेलला हात लावू नकोस, ओला आहे. रंग सगळा कुंचल्याने दिलाय, पोपडे स्पंजने टिपलेत, धूळ आपल्याच बाल्कनीतली. काल आमच्या मॉडेल क्लबातल्या वदीअला फोनवर दाखवला. म्हणाला, "गंज झकास जमलाय! पण वरच्या झाकणाच्या कडा अशा कोऱ्या करकरीत कशा? माणसं चढता-उतरताना रंग आधी तिथेच झिजतो. तुझ्या रणगाड्यातून कोणी बाहेर पडतच नाही का रे?"

मी हसलो. मग आठवायला बसलो, मी जिना शेवटचा कधी उतरलो? ईदला. तोही कचरा टाकायला.

म्हणून समुद्रापर्यंत जाऊन येतो. उम्म सलीमना कॉफी दे, बिनसाखरेची.

इमाद

ता. क. जनरेटर बंद पडलाय. आईला सिलिंडर लावलाय. त्याची चावी फिरवायला उम्म सलीम घाबरतात, म्हणून त्यांना घरी पाठवलं. मी आत आईजवळच आहे.

चिठ्ठी फाडू नकोस. तिच्यावर तारीख घातलेली नाही, उद्याही चालेल.