तिसऱ्यांदा विचारीन तेव्हा

निशी-कसाई, तोक्यो
१६ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
अनघाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नकोस. आम्ही तिघं मजेत आहोत. हरीशचं ऑफिस कावासाकीला हललंय, उजाडताच निघतो. तन्वी पोहायला शिकली. मलाच काय ती घरातल्या घरात पायाला भिंगरी लागली आहे. काल प्लास्टिकचा कचरा न्यायच्या दिवशी ओला कचरा खाली ठेवून आले. शेजारच्या मोरी-सान तो मुकाट्याने परत दारात ठेवून गेल्या.

आयर्लंडबद्दल तू फोनवर विचारलंस आणि मी ‘छान’ म्हणून उरकलं. तर ऐक. ऑगस्टमधला तो लेखनाचा वर्ग समुद्राकाठच्या एका गावात होता. दगडी कुंपणं, सारखी भुरभुर, रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत. संध्याकाळी पबमध्ये म्हातारे पुस्तक न उघडता कविता म्हणायचे, अडलं की कोपऱ्यातून कुणीतरी ओळ पुरवायचं. थेट तुझं भजनी मंडळ, फक्त हातात टाळांऐवजी बिअर!

मी नूअलाबाईंकडे राहायचे. सत्तरीच्या, एकट्या. पहिल्या दिवशी मी केक आणला, म्हटलं, घेता? “नको गं, माझं झालंय.” मी आवरून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तसंच. इथे जपानात ‘दायजोबु’, म्हणजे ‘राहू दे’, म्हटलं की विषय संपतो, कुणी आग्रह करत नाही. तिसऱ्या दिवशी बाई चिडल्याच. “अगं, तीनदा तरी विचारशील की नाही? पहिल्या ‘नको’ला खरं कोण मानतं?”

मला हसू फुटलं. चपला घालून झाल्यावर पुन्हा आत येऊन पोहे खाणारी माणसं आपण! आणि मीच हे विसरले?

वर्गात मी तुझ्यावर गोष्ट लिहिली होती. ती वाचून शिक्षिका म्हणाली, “यातली आई सारखी म्हणते, मी ठीक आहे. यावर विश्वास कोण ठेवतं?”

मी म्हणाले, “तिची मुलगी.”

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलं, तेव्हा मी विचारलं, येऊ का? “कशाला? सुरेशमामा आहे ना. तन्वीची शाळा बुडेल.” मी बरं म्हणून फोन ठेवला. मग तूच तारखा पुढे ढकलायला लागलीस. आधी गणपती होऊ देत, मग पितृपक्षात नको, आता म्हणे घट बसू देत. डॉक्टर घाई करताहेत, हे मला मामाकडून कळतं. मुहूर्तबिहूर्त तू कधीपासून पाळायला लागलीस गं? तू माझी वाट बघते आहेस आणि तोंडाने बोलत नाहीस. मला भीती वाटते, आई. फार भीती वाटते.

हरीश म्हणतो, “पण आई स्वतःच नको म्हणाल्या ना?” त्याचा तरी काय दोष, दहा वर्षं झाली इथे. तन्वीला विचारलं, आजीकडे जाऊ का? टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, “इत्तेराश्शाई.” घरातून निघणाऱ्याला इथे असंच म्हणतात, जाऊन ये.

परवा मी दुसऱ्यांदा विचारलं, तू दुसऱ्यांदा नको म्हणालीस. आता फोनवर विचारणार नाही. तिकीट काढलंय. पुढच्या आठवड्यात चिंचवडला आधी हे पत्र पोचतं की मी, देव जाणे. घट मी बसवीन, तू डॉक्टरांकडून तारीख घे.

तिसऱ्यांदा दारात उभी राहून विचारीन, आई, येऊ का? तेव्हा काही बोलू नकोस. नुसता चहा टाक.

तुझं पहिलं ‘नको’ खरं मानणारी,
वेडी अनघा