दंतमंजनाचा चहा

वारजे, पुणे
मंगळवार (बहुतेक)

ती. मावशीस,

आमोदचा जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार. (जमीन सकाळीच तुझ्या पद्धतीने रिठ्याच्या पाण्याने पुसली आहे, त्यामुळे कपाळाची काळजी नसावी. थोडं सरकलं, एवढंच.) तुझा गुडघा कसा आहे? डावा विचारतोय, उजव्याचं दादाकडून कळलं. बंगळुरात सकाळचं ऊन मिळतं का? मी इथे मजेत आहे. अगदी मजेत. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा काही गैरसमज नको.

पत्र का, तर फोनवर सलिलदादा तुला स्पीकरवर टाकतो, मग त्याचं अख्खं घर ऐकत बसतं, आणि तू ‘जेवलास ना? बरं, ठेवते’ म्हणून मोकळी होतेस. मला जेवलोच्या पुढचं सांगायचं असतं. शिवाय पत्र लिहायचं म्हटल्यावर पेन शोधण्यात अर्धा दिवस छान गेला.

तर विषय घराचा. गुडघ्याच्या ऑपरेशनला लेकाकडे जाताना तू म्हणालीस, महिनाभर घर सांभाळ. मला कुठे घाई होती? (गोकर्णचा कॅफे बंद पडला होता, आणि खराडीची नोकरी मी सोडली की तिने मला, यावर अजून एकमत झालेलं नाही.) तो महिना लांबत लांबत आता उन्हाळ्याला लागला. तुझा नियम मी पाळतोय, जे तोंडात घालता येत नाही ते घरात आणायचं नाही. फिनाइल नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत, साबणसुद्धा नाही. मात्र मावशी, एक तक्रार आहे. तुझ्या सगळ्या बरण्या कॉफीच्या, त्यांच्यावर चिठ्ठी एकीलाही नाही आणि आतली पूड सगळीकडे मातकट. शिकेकाई, दंतमंजन, उटणं, भांड्यांची पूड, सगळ्या एकाच आईच्या मुली. तू नुसतं झाकण उघडून ओळखायचीस. मी पहिल्या आठवड्यात डोक्याला भांड्यांची पूड लावली. केस पातेल्यासारखे लख्ख झाले आणि वाजायलाही लागले. शिकेकाईने दात घासले त्या दिवशी तर तोंडाला असा फेस आला, की वॉचमनने मला खाली बसवून चप्पल हुंगायला दिली. (त्याच्या गावाकडे फिट आल्यावर तसं करतात म्हणे. चप्पल त्याची स्वतःचीच होती, म्हणजे त्याने मनापासूनच केलं.)

कपाटात तू ठेवलेल्या वेखंडाच्या पुरचुंड्या तशाच आहेत. माझे टी-शर्ट मी तुझ्या साड्यांशेजारी ठेवतो, त्यामुळे आता मलाही वेखंडाचा वास येतो. परवा बसमध्ये शेजारच्या आजी हुंगून म्हणाल्या, ‘घरी बाळ झालंय का रे?’ मी का कोण जाणे, हो म्हणालो. मग डेक्कनपर्यंत त्या मला बाळाला शेक कसा द्यायचा ते सांगत होत्या. मी सगळं नीट ऐकलं. मला खरं म्हणजे वारज्यातच, भाजीच्या गाड्यापाशी उतरायचं होतं. पण कोणी इतक्या आपुलकीने बोलत असताना मधेच उतरणं बरं दिसत नाही.

काय सांगत होतो? हां, द्रावण. तुझं फरशी पुसायचं साली-गुळाचं पाणी संपलं, म्हणून मी नवं बाटलीत आंबवायला घातलं. ज्यूसवाल्याकडे मोसंबीच्या साली मागितल्या तर तो म्हणाला, ‘गाय पाळली काय?’ आता त्या बाटलीचं झाकण रोज संध्याकाळी उघडावं लागतं, नाहीतर आतला वायू साठून ती फुटेल, हे तुला माहीतच आहे. मला मात्र आधी माहीत नव्हतं, की त्यामुळे माणूस बांधला जातो. मित्रांनी खडकवासल्याला मुक्कामाला बोलावलं, मी म्हटलं, नाही जमणार, घरी बाटली आहे. त्यांना वेगळंच वाटलं आणि ते सगळे इकडेच यायला निघाले. बाटलीत काय आहे ते सांगितल्यावर कोणी आलं नाही. झाकण उघडलं की ती फुस्स करते. दिवसभरात या घरात माझ्याशी तेवढंच कोणीतरी बोलतं. म्हणजे तसं नाही, समोरच्या शालूकाकूंकडे साखर मागायला मी जातो (साखर घरात आहे). परवा त्या म्हणाल्या, ‘एवढी साखर नेतोस, बोलण्यात कुठे जाते रे?’ छान वाटलं.

आता मुख्य गोष्ट. रविवारी दादाचा मेसेज आला, की एक जोडपं फ्लॅट बघायला येतंय, भाड्याने द्यायचाय, दाखव आणि जास्त बोलू नकोस. (हे तुला त्याने विचारलंय ना? विचारलंच असेल. मी उगाच लिहितोय.) इंद्रजीत आणि शेफाली, दोघंही खराडीला आयटीत. माणसं चांगली. चपला दाराबाहेर काढल्या, त्यासुद्धा जोडीने. मी ठरवलं होतं की खोटं एक अक्षर बोलायचं नाही, फक्त खरं इतकं सांगायचं की ते जिना उतरून पळतील. म्हणून सुरुवातच केली, की या घरात फिनाइल आणलेलं नाही, बाथरूम लिंबू आणि मिठाने हाताने घासावी लागते. शेफाली म्हणाली, ‘सीरियसली? झीरो केमिकल्स?’ आणि तिने नवऱ्याचा दंड दाबला. मी म्हटलं, शिकेकाई रात्री लोखंडी कढईत भिजवायची, सकाळी उकळायची, गाळायची, डोळ्यांत गेली की आरडाओरडा करायचा. ‘कित्ती ऑथेंटिक!’ मी म्हटलं, खिडक्यांत कायम साली वाळत असतात, त्यांच्यामागे मुंग्या येतात. इंद्रजीत म्हणाला, ‘मुंग्या येतात म्हणजे घर सेफ आहे.’ मग तो आपल्या संडासात जाऊन उभा राहिला, दार उघडं ठेवून डोळे मिटून दीर्घ श्वास घेत. मावशी, माझं प्रवासात बरंच काही बघून झालंय, स्पितीत मी याकच्या शेपटीला धरून ओढा ओलांडला आहे (ती गोष्ट वेगळी, याक गेलाच नाही, मीच गेलो), पण आपल्या संडासात कोणाला समाधी लागलेली पहिल्यांदाच बघितली.

मी हरलो आणि चहा टाकला. पाहुण्यांना तू चहात मसाला घालतेस, म्हणून लवंगेचा वास येणारी बरणी उघडून दोन चमचे सढळ हाताने घातले. ते दंतमंजन होतं. हे मला पहिल्या घोटाला कळलं, कारण जीभ टाळ्याला चिकटली ती निघेना. तुरटी आणि बाभळीची साल चहात उकळली की फारच कर्तव्यदक्ष होतात. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. दोघंही पीत होते. शेफालीचे ओठ आत ओढले गेले होते आणि ती शीळ घातल्यासारखी म्हणाली, ‘हा काढा आहे ना?’ इंद्रजीत म्हणाला, ‘इम्युनिटी. लगेच कळतं.’ त्याने दुसरा कप घेतला. तुझा नियम किती पक्का आहे ते त्या दिवशी समजलं. दुसऱ्या कोणाच्या घरात ही चूक झाली असती तर पोलीस आले असते, आपल्याकडे रेसिपी मागितली गेली.

घर त्यांना हवंय. लगेच हवंय. जाताना शेफालीने ओट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘बरण्या घरासोबतच असतील ना? म्हणजे पंखे असतात तशा?’ मी म्हटलं, पंखे घ्या, बरण्या मावशीच्या आहेत. ती म्हणाली, ‘मग त्या कधी नेणार?’ अगदी साधं विचारलं गं तिने, तिची काही चूक नाही. पण मी एकेका बरणीचं झाकण उगाच घट्ट करत सुटलो. कारण तुझ्या नव्या घरात त्या कुठे ठेवणार? दादाकडे भांड्यांना मशीन आहे, फरशीलाही मशीन आहे. तुझ्या केसांना तिथे काय लावतेस ते मी फोनवर कधी विचारलं नाही.

असो. काय करायचं ते तू आणि दादा ठरवा, मी मधे पडणारा कोण? दादा म्हणतो तसं या घराचं भाडं येत राहील, तुझा गुडघा दुसऱ्यांदा बिघडणार नाही, सगळ्यांचं बरं होईल. माझं तर काय, मला एका जागी करमतच नाही, हे मी दहावीत तिसऱ्यांदा शाळा बदलली तेव्हापासून तू सांगतेस. मनालीहून मित्राचा निरोप आहे, हॉस्टेलवर माणूस हवाय. बॅग भरून दारात ठेवली आहे. शालूकाकूंचाही निरोप घेतला. त्या म्हणाल्या, ‘साखर घेऊन जातोस का?’ आणि मग बराच वेळ दार लावलं नाही त्यांनी.

डाव्या गुडघ्याला जपावं. दादाला आणि घरी सर्वांना योग्य ते.

तुझा,
आमोद

ता. क. बॅगेत फक्त उशी आहे. बाकीचं भरायला घेतलं तर दोरीवरचे कपडे वाळायचे होते.

दुसरा ता. क. इंद्रजीतचा काल फोन आला, टोकन कोणाला द्यायचं म्हणून. मी सांगून टाकलं की सॉरी, घर देता येत नाही, मालकीणबाई पुढच्या महिन्यात परत येताहेत. हे मी दादाला अजून बोललेलो नाही. तुलाही आत्ताच कळतंय. रागावलीस तर रागाव, पण इथे येऊन रागाव.

शेवटचा ता. क. दादाचा एकच मुद्दा आहे, की तू या घरात एकटी राहू शकणार नाहीस. त्याचं अगदी बरोबर आहे. मी राहून बघितलं, या घरात एकट्याने नाहीच राहता येत. जिना मी धरून चढवीन, ओझी मी उचलीन, ज्यूसवाल्याकडे मी जाईन. तिकीट कधीचं काढू ते कळव. खालची बर्थ बघतो.