मक्याच्या राखेची लादी

प्रिय कूम मिलुतिन,

माझ्या लग्नात तू साक्षीला उभा राहून माझा कूम झालास, म्हणून आजवर तुझं सगळं ऐकून घेतलं. आज तू माझं ऐक. गुडघा कसा आहे? माझा बरा. देसांकाच्या थडग्यावरची लादी मात्र या थंडीत दुसऱ्यांदा फुटली. पितरांच्या शनिवारी सगळं गाव मेणबत्त्या घेऊन तिथे येणार, आणि बाई तडकलेल्या लादीखाली! जिवंत होती तेव्हा माझ्या संसारात चिरलेला कपसुद्धा तिने टेबलावर येऊ दिला नाही.

आता तुझ्या लेकीचं प्रकरण. हिवाळ्याच्या तोंडावर नेवेना आली. (शिकलेली आणि गोड बोलणारी, म्हणजे दुप्पट सावध राहायचं.) दाणे काढलेली मक्याची कणसं आपण चुलीत जाळतो, त्यांची राख तिला हवी होती. राख मागणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. वाटलं, घरोघरी राकिया दारू कोण गाळतं ते राखेवरून हुडकायला सरकारनेच धाडली असेल. म्हणून बादली शेजाऱ्याच्या चुलीतून भरून दिली. तर म्हणे, काँक्रीटमध्ये थोडं सिमेंट कमी करून ही राख घालायची, वर चिमूटभर पूड. पूड इतकी बारीक की कण डोळ्यांना दिसत नाही. तो बारीक भोकं बुजवतो, पाणी शिरत नाही, मग गोठून फुटायचा प्रश्नच नाही. न दिसणारी वस्तू, न दिसणाऱ्या भोकांत! (तुझ्या वडिलांनी मला घोडा विकला, त्याचे दात तरी दिसत होते.)

नमुन्याची लादी तिने माझ्या डुकरांच्या खोपटापुढे ओतली. मी हिवाळाभर तिच्यावर पाणी ओतून गोठवलं, डुकरीण नाचवली, शेवटी घण घातला. दांडा तुटला. (जुनाच होता.) म्हणजे डुकरिणीच्या पायाखालची शाबूत आणि माझ्या देसांकावरची फुटकी! इतकं न फुटणाऱ्या वस्तूत काहीतरी काळंबेरं असणारच. गुत्त्यात चारचौघांत मी बोललो, पोरीने गुपचूप जास्तीचं सिमेंट घातलं. नेवेना नेमकी दारात.

"काका, तुमच्या जिभेपेक्षा तुमचा घण बरा," म्हणाली. "तो तुटतो तरी."

कॉफीला थांबली नाही. आपल्यात कॉफी नाकारली की काय उरतं, तुला ठाऊक आहे.

तेव्हा लेकीवर लक्ष ठेव.

तुझा,
राडिवोय

ता.क. शनिवारच्या आत तशी एक लादी मिळाली तर बघ. माझं नाव काढू नकोस.

आणखी ता.क. काढलंस तरी चालेल. चुकलो म्हणावं, कॉफी ठेवतो. राख या वेळी माझ्याच चुलीतली देईन. देसांकाने शेवटच्या वर्षी रचून ठेवलेली कणसं जाळवत नव्हती, ती जाळतो.

शेवटचा ता.क. लादी दोघांच्या मापाची ओतायला सांग. मला घाई नाही, पण पुन्हा पुन्हा पोरीला कोण त्रास देणार?